आठ दिवसांसाठी मागितलेलं फूल

माझ्याकडे ब्रोमेलियाडची एकतीस झाडं आहेत आणि प्रत्येकाला वहीत एक पान आहे. कुठून आणलं, कुंडी कधी बदलली, पिल्लं किती, फूल कधी आलं. ही अननसाच्या कुळातली झाडं. पानं मधोमध द्रोणासारखी जुळतात, आणि पाणी मुख्यतः त्या द्रोणात घालायचं असतं. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात ती जगवायची तर हिरवी जाळी हवी, कूलरची ओल हवी, बोअरचं क्षाराचं पाणी अजिबात नको. मी सगळं नियमाने करते म्हणून ती जगतात. पूर्वी हे मी अभिमानाने सांगत असे.

त्यांतलं पहिलं लाल गुझमानिया फुललं ते फेब्रुवारीत. या झाडाला आयुष्यात एकदाच फूल येतं. मग बुंध्याशी पिल्लं देऊन ते हळूहळू वाळत जातं. फूल मात्र महिनोन्‌महिने टिकतं. आत्या शहरातल्याच हजीऱ्याहून ई-रिक्षाने ते बघायला आली. मान एका बाजूला वाकवून, नाक टेकेल इतक्या जवळून तिने ते पाहिलं.

"आत्या, वास नाही त्याला."

"ठाऊक आहे गं. रंग बघतेय." मग सरळ उभी राहून म्हणाली, "चैत्रात माझ्याकडे हळदीकुंकू आहे. आठ दिवस हा गमला दे. गौरीच्या बाजूला ठेवीन."

मी लगेच कारणं सांगितली. द्रोणात कुंकू पडेल. खोली तापते. रस्त्यातले धक्के.

"मांडीवर घेऊन बसेन. स्वतःच्या पोराला जपलं नाही एवढं जपेन."

"त्यापेक्षा पिल्लू देते ना. कायमचं तुझं."

"मग आत्ताच दे."

"आईच्या एक तृतीयांश झाल्याशिवाय तोडायचं नसतं."

"मोजलंस?"

"मोजलं. अजून चार बोटं कमी आहे."

आत्या हसली. "लहानपणी भातुकलीत पण अशीच होतीस. आधी यादी करायचीस, तोवर बाकीच्या पोरी जेवून उठायच्या."

मीही हसले. झाड दिलं नाही.

हळदीकुंकवाला गेले तेव्हा गौरीच्या बाजूला स्टीलच्या लोट्यात प्लॅस्टिकची लाल फुलं होती. शेजारणीने विचारलं, "ही कुठून आणलीत?" आत्या म्हणाली, "ही बाजारातली. खरं फूल आमच्या भाचीकडे आहे, पण त्याला सवड नाही." सगळ्या हसल्या. मी डाळ खाल्ली, पन्हं प्याले, ओटीचे हरभरे घेऊन घरी आले. संध्याकाळी बाल्कनीत द्रोणातलं पाणी बदललं.

श्रावणात पिल्लू मापात आलं. मी ते छोट्या कुंडीत लावून आत्याला दिलं आणि बरोबर सात सूचनांचा कागद दिला. तिने तो न उघडताच घडी करून बटव्यात ठेवला. मला जरा लागलंच ते. चार दिवसांनी वहिनीला, म्हणजे तिच्या सुनेला, फोन केला आणि कागद वाचला का म्हणून विचारलं.

वहिनी म्हणाली, "मी वाचला, ताई. आईंना आता अक्षर दिसत नाही. काचबिंदू आहे. डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आणि राहिलेली किती टिकेल ते सांगता येत नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"त्याच नको म्हणाल्या. म्हणे, ती लगेच डॉक्टरांची यादी करून आणेल."

फेब्रुवारी. तारखेसाठी वही उघडायची मला गरज नव्हती.

त्यानंतर दोन चैत्र गेले. औषधं वेळेवर होती, तरी नजर गेली. आता तिला खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. यंदा तिच्याकडच्या पिल्लाला फूल आलं. मी हळदीकुंकवाच्या सकाळी गेले. आत्याने मला हाताला धरून कुंडीपाशी नेलं आणि फुलाचा एकेक पदर बोटांनी चाचपला.

"लाल आहे ना?"

"हो."

"तुझ्याकडे होतं तेवढं?"

"त्याच्याहून जास्त," मी म्हटलं. ते खोटं होतं. फूल नारिंगीकडे झुकलेलं होतं.

"मग गौरीच्या पुढे ठेव, बाजूला नको. बायकांना दिसलं पाहिजे." मी कुंडी उचलत असताना तिने माझं मनगट धरलं. "कुंकू पडलं तर चालेल का? आधी विचारलेलं बरं."

"पडू दे, आत्या."

"अरे वा," ती म्हणाली, "नियम बदलला वाटतं."

घरी येऊन मी त्या पहिल्या झाडाचं पान काढलं. झाड केव्हाच वाळलं, नियमाप्रमाणे उपटून टाकलं होतं. पानावर माझ्याच नेटक्या अक्षरात आहे: फूल टिकलं, चार महिने. जागा, मागची बाल्कनी. त्या बाल्कनीत माझ्याशिवाय कुणी जात नाही.