रंग नवो

खाली रस्त्यावर डांबर ओततायत. त्या वासासरशी मी माझगावच्या धक्क्यावर पोचते, जिथे होड्यांना डांबर फासत. गिरणी सोडून मालवणला परतायचं म्हणून आमचे हे एक जुनी शिडाची होडी बघायला गेले होते, सोबत मी. होडी नव्या रंगात चकचकत होती. बाहेरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. घोषणा लांब जाईपर्यंत हे थांबले, मग तळाच्या एकेका फळीला कान लावून बोटांनी वाजवत गेले. एक फळी भद्द वाजली.

"आयकलंस गो? रंग नवो, पण आत सगळा कुसला."

होडी घ्यायची राहिली, गावी परतायचंही राहिलं. आता हेही नाहीत.

मुलगा फोनवर विचारतो, "आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे," मी म्हणते.

"आवाज छान येतोय तुझा," म्हणत तो फोन ठेवतो. वाजवून बघणारे तेवढे हेच होते.