टेकडीच्या पोटातली माती

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी नऊ. हजर : मी, फलक रंगवणारा दिनू आणि ऐंशीच्या घरातल्या अनसूयाकाकू.

आमच्या टेकडीखाली सैन्याचं जुनं रडार केंद्र आहे. ते आता लोकांना पाहायला खुलं होणार, म्हणून दारावर त्याच्या इतिहासाचा फलक लागतो आहे. ते काम माझ्याकडे. जिना उतरताना काकूंचा उजवा हात आपोआप डोक्यावर गेला आणि नसलेलं घमेलं त्यांनी सावरलं.

"काकू, वाकून या," दिनू म्हणाला.

"तुझा बाप जन्मायच्या आधी उतरलेय मी इथं. तूच वाक!"

केंद्र खणताना निघालेली माती वरून विमानाला दिसू नये, म्हणून काकूंसह गावच्या बायकांनी ती डोक्यावरून नेऊन शेतांत पसरली. मातीचा ढीग राहिला नाही, तशी त्यांची नावंही राहिली नाहीत. रडार दूरच्या विमानाची नोंद घेत होतं. शेजारून बायकांच्या डोक्यावरून गेलेल्या डोंगराची नोंद कुणीच घेतली नाही. फलकाच्या मजकुरात फक्त अधिकारी आहेत. मजकूर देणाऱ्या कचेरीत म्हणाले, "बायकांची नोंद नाही." नसेल. मग मी करते. त्यांच्या नावांशिवाय हा फलक लागणार नाही.

काकूंनी बोटांवर मोजत बारा नावं सांगितली. तेरावीला अडल्या. "तिला सगळे शिवरामची बायकोच म्हणायचे गं."

दिनूने ब्रश उचलला. "तेच लिहू?"

"नाही," मी म्हणाले. "जागा सोड."

तिचं नाव शोधायचं राहिलं आहे.