पोत्यावरचा पाय

सुरतेत दगड नाही. कितीही खणा, मातीच निघते. आमच्या गावाकडे, धुळ्याच्या बाजूला, नांगराला दगड, पायाला दगड, निजलं तर पाठीखाली दगड. नदीतल्या काळ्या धोंड्यांवर चढण्या-उतरण्यात माझं लहानपण गेलं. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये लागलो तेव्हा पगाराची, खोलीची, पाण्याची सगळी चौकशी केली. दगडाची करायची राहिली.

मिलमध्ये माझं काम घडीचं. साडीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझा जोडीदार. तोही खान्देशातला, बमरोलीत माझ्याच खोलीत राहायचा आणि माझ्यासारखाच धोंड्यांवर वाढलेला. दिवसभर पॉलिस्टर हाताळून बोटं इतकी गुळगुळीत होतात की सिमकार्ड घ्यायला गेलं तर मशीन अंगठा घेत नाही. दुकानदार म्हणतो, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी घेऊन या.

कडोदऱ्याकडे जाताना नहेरवर, म्हणजे कालव्यावर, एक जुना, बंद पडलेला पूल आहे. त्याची भिंत घडीव काळ्या दगडाची. एका रविवारी ती आम्हाला दिसली आणि आम्ही दोघं सायकली टाकून नुसते हात फिरवत उभे राहिलो. काळा, खरखरीत, उन्हानं कोमट झालेला दगड! मग दर रविवारी सकाळी तिथेच. दोरी नाही, काही नाही. दगडांच्या सांध्यांतला चुना झडलेला, त्यात बोटं रुतवायची, पायाचा अंगठा टेकवायचा, अंग भिंतीला चिकटवायचं आणि वर. त्या वेळी डोक्यात मिल नसते, भाडं नसतं, पुढची खाच तेवढी असते. बोटं पुन्हा बोटं असल्यासारखी वाटतात. शहरातली पोरं याला बोल्डरिंग म्हणतात आणि खाली जाड गाद्या टाकतात, हे आम्हाला पुढे मोबाईलवर कळलं.

गादी आम्हीही केली. मिलमधल्या चिंध्या एका पॉलिस्टरच्या खोळीत ठासून भरल्या आणि पोतं भिंतीखाली ठेवलं. पॉलिस्टरमध्ये पॉलिस्टर, त्यात भिंतीखालची जमीन उतरती. पहिल्यांदा पडलो तो पोत्यासकट घसरत थेट नहेरच्या पाण्यात. जोडीदार हसून हसून खाली बसला. मग ठरलं, एकानं चढायचं आणि दुसऱ्यानं पोत्यावर पाय रोवून, हात वर करून उभं राहायचं.

भिंतीच्या माथ्याजवळ दगडांची एक ओळ पुढे आलेली आहे. तिथे दोन्ही पाय सोडून वरची कड उडी मारून धरावी लागते. चुकलं की खाली. मी ती कड कितीदा तरी धरली, कारण खाली तो होता.

त्याचं लग्न झालं. बायकोला सुरत नको होती, सासऱ्यांनी नाशकात काम बघून दिलं, तो गेला. मिलनं दुसऱ्याच दिवशी साडीच्या त्या टोकाला नवा माणूस उभा केला. भिंतीखाली कोण उभं करणार? सुरुवातीला त्याचे फोन यायचे, मग सणासुदीला, मग तेही नाही. राग आला, येणारच. संसारी माणूस आहे, म्हणून गिळला. रविवारी मी एकटाच जायचो, पुढे आलेल्या ओळीपर्यंत चढायचो, खाली त्या पोत्याकडे बघायचो आणि उतरायचो. आठवडाभर ठरवायचो, या वेळी कड धरायचीच. ती धरता आली नाही तर मला या शहरात कुणावाचून काहीच जमत नाही, असं मनानं घेतलं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी असाच तिसऱ्यांदा उतरून पाण्याकडे बघत बसलो होतो. शेळ्या चारणारी एक म्हातारी बाई कधीची बघत होती. जवळ आली आणि सरळ आमच्या अहिराणीत म्हणाली, "तुले मरनं शे का?"

मी म्हटलं, नाही हो मावशी, चढतोय. तिला पटलं नाही. नहेरकाठी एकट्या बसलेल्या माणसांचं तिनं काय काय पाहिलं असेल कुणास ठाऊक.

"तुना घरमा कोन शे आठे?"

"कोनी नही."

इथे माझं कुणी नाही, हे पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. इतके महिने मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मग मी तिला भिंत दाखवली, कड दाखवली, पोतं कसं घसरतं तेही सांगितलं. तिनं लुगडं सावरलं, पोत्यावर पाय रोवला.

"चढ. मी शे ना आठे."

तिच्या वयाला मी अंगावर पडलो असतो तर दोघंही गेलो असतो. तरी चढलो. त्या ओळीखाली पोचलो, खाली बघितलं नाही, पाय सोडले. कड हातात आली. कोपरं टेकून वर सरकलो आणि पुलावर उताणा पडून बराच वेळ वेड्यासारखा हसत राहिलो.

पुलावरून खाली यायला वळसा आहे. धावतच आलो. बाई शेळ्यांमागे लांब निघून गेली होती. पोत्यातल्याच चिंध्यांचा पीळ वळून तिनं ते भिंतीजवळच्या बाभळीच्या बुंध्याला करकचून बांधलं होतं. ओढून पाहिलं, हललं नाही. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांना कधी सुचली नव्हती. दोघं होतो, सुचायची गरजच पडली नाही. आता खाली कुणी उभं राहायलाच नको होतं. बाईनं माझं भलंच केलं होतं, आणि मी तिथे बसून रडलो.

निघताना मी ती गाठ सोडली, खाली कुणीतरी लागावंच म्हणून. पुढच्या रविवारी ऊन चढेपर्यंत शेळ्यांची वाट पाहिली. कुणी आलं नाही. मग पोतं पुन्हा बाभळीला बांधलं, माझ्याच हातानं, आणि चढलो.