पितळेचा गंज

अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या बसमध्ये ती मूर्तिजापूरला चढली. हातात पंगतीची भाजी शिजेल एवढा पितळेचा गंज होता. कंडक्टरने तो वर ठेवायला सांगितलं, पण तिने मांडीवरच घेतला आणि घट्ट धरून बसली. तिचा डावा हात कोपरात नीट वळत नव्हता.

मी शेजारीच होते. न विचारताच ती म्हणाली, "बापानं लग्नात देल्ला होता. आज सासरहून हिसकून आनला. आता परत जात नाही मी."

पुढच्या बाकावरचे पांढऱ्या टोपीतले गृहस्थ मागे वळले. "पोरी, बाईच्या जातीले थोडं सोसा लागते. संसार मोडू नये."

तिने ओठ आवळले. आवाज मात्र चढला नाही.

"काका, नवऱ्यानं माया हात मोडला, तवा त्याले कोनी नाही म्हटलं, मोडू नये म्हनून. मलेच काहून सांगून राहिले?"

गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले. भरलेल्या बसमध्ये तिच्या बाजूने कुणी एक शब्द बोललं नाही. त्यांच्या उपदेशापेक्षा त्या गप्प बसण्याचाच मला जास्त संताप आला, आणि त्यात मीही होते.

अमरावतीला मी तिला गंज उतरवायला हात लावला. कॉलेजच्या पोरींसाठी खानावळ सुरू करणार असल्याचं तिने सांगितलं.

"या ना ताई जेवाले," ती म्हणाली. "मीठ जास्त झालं तं तोंडावर सांगजा. ताट फेकून मारनारं तिथं कोनी नाही."