एका पाकिटात दोन बाळंतिणी

पाचोऱ्यात आमच्या समोर राहणारी कॅप्सूलअक्का गोळीचं नाव कधीच वाचायची नाही, रंग बघायची. लाल-पिवळी असली की जोरदार, पांढरी असली की "हाई ते पोरेसले द्या." शिक्षण चौथी, पण गल्लीत कुणाचंही औषध उरलं की ते अक्काच्या मिठाईच्या खोक्यात जमा. आणि बाळंतीण घरी आली रे आली की अक्का खोकं घेऊन हजर! ताप असो नसो. "बायतीननं आंग कच्चं ऱ्हास, आधीच दाबी टाकनं पडस." नक्की काय दाबायचं, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

तिला हसायचे सगळे आणि गोळ्याही घ्यायचे सगळे. मीपण! बारावीच्या पेपराआधी सर्दी झाली तर मीच तिच्या दारात उभी, "अक्का, लाल-पिवळी दे ना."

तिचा दुसरा हट्ट वाटणीचा. गल्लीत एकाच वेळी दोन बाळंतिणी असल्या की एकीकडे आलेलं निम्मं दुसरीकडे गेलंच पाहिजे. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, खारीक-खोबरं, सगळं. चांगलीच रीत आहे की! माझी ताई आणि शेजारच्या शिंप्याच्या घरातली नसीमभाभी दोन दिवसांच्या अंतराने बाळंत झाल्या, तेव्हा तर अक्काला दिवस पुरेना.

मग ताईच्या टाक्यांत पू झाला, ताप चढला. डॉक्टरांनी तपासून सात दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. तीन दिवसांत ताप उतरला. अक्काने पाकीट उचललं, उरलेल्या गोळ्या घेतल्या आणि निघाली नसीमभाभीकडे.

"अक्का, डॉक्टरांनी सात दिवस सांगितलंय," मी म्हटलं.

"ताप ग्या ना? मंग गोया कसाले? नसीम पन बायतीनच शे. तिले काय परकी समजस का तू?"

नसीमभाभी ठणठणीत होती. तिला काहीच झालेलं नव्हतं. पण अक्काला नाही कोण म्हणणार? आई लाडू वळत राहिली. मी "जाऊ दे" म्हणून मोबाइलमध्ये डोकं घातलं. शहाणी मी!

नसीमभाभीला त्या गोळ्यांनी जुलाब लागले, फुकटचे. ते थांबले तरी. इकडे गोळ्या थांबल्यावर तिसऱ्या दिवशी ताई दोन गोधड्यांखाली थरथर कापायला लागली. बाळाला छातीशी धरायचंही बळ नव्हतं. तशीच गाडी केली, अक्काही सोबत चढली, जळगाव गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या पूर्ण घेतल्या का?"

आई माझ्याकडे बघते, मी भिंतीकडे. बोलली ती अक्काच.

"निम्म्या मी वाटी दिन्यात."

"वाटल्या?"

"दोन बायतीनी व्हत्यात ना, बाई."

बाई म्हणाल्या, "अक्का, लाडू वाटा. जिला गरज नाही तिला ही गोळी द्यायचीच नाही, आणि जिला गरज आहे तिची एकही चुकवायची नाही. जीव जातो यात."

ताईचे टाके उघडावे लागले. सलाइन, इंजेक्शनं, रोजचं ड्रेसिंग. दहा दिवस बाळ वरच्या दुधावर. अक्का तेवढे दिवस वॉर्डाबाहेर बसून होती. आत कुणी बोलावलं नाही, तिने विचारलं नाही. परत आल्यावर खोकं तिने मेडिकलवाल्यापुढे नेऊन आपटलं. मग लेकाकडे धुळ्याला राहायला गेली. निघताना ताई तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

यंदा ताईला दुसरं झालं. फोन तिनेच लावला. "अक्का, ये. पण रिकाम्या हातानं ये."

बाळंतिणीकडे रिकाम्या हातानं जायचं म्हणजे अक्काला मरणच! तरी बसने आली. दारात उभी राहून दोन्ही तळवे पुढे केले. "देख माय, रिकामीच वनू."

ताईने त्या तळव्यांवर अलगद बाळ ठेवलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हिची पिशवी बघ गं."