कोजागरीपर्यंतचा हार

कोजागरीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, साखरखेर्ड्याहून देऊळगाव राजाला परत येताना, माझ्या यजमानांची गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीला मागून धडकली. ते तिथेच गेले. गाडीत ते एकटेच होते.

हे लिहायला मला वर्ष लागलं, आणि आजही मुद्द्याआधी इकडचं तिकडचं लिहावंसं वाटतं. म्हणून आधी गाडीबद्दल लिहिते.

गाडी मुलाने घेऊन दिली होती. यांची मान आखडलेली असायची, तिन्हीसांजेला नीट दिसायचं नाही, आणि गाडी चालवणं सोडायला हे तयार नव्हते. म्हणून त्याने अशी गाडी निवडली की समोर काही आलं तर ती आवाज करते, आणि आपण ब्रेक दाबला नाही तर स्वतः दाबते. सोबत जाडजूड पुस्तिका होती. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा वाचणार नाहीत, तूच वाच. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. छापलेलं काही हाती आलं की शेवटच्या पानापर्यंत जायचं, ही सवय. चार दुपारी बसून मी ती वाचून काढली. पुढच्या जाळीत मधोमध पंजाएवढा गुळगुळीत काळा चौकोन असतो, त्याच्यामागे रडार असतं. त्यावर चिखल, स्टिकर, कापड, काही येऊ देऊ नका, नाहीतर गाडीला समोरचं कळत नाही, असं त्यात होतं. ही सगळी फक्त मदत आहे, लक्ष चालवणाऱ्यानेच ठेवायचं, असंही होतं. दर रविवारी मी ओल्या फडक्याने तो चौकोन पुसायची. शेजारीण विचारायची, आज गाडीला आंघोळ नाही, नुसतं तोंड धुणं का?

दोनदा त्या आवाजाने यांना सावध केलं. एकदा म्हैस आडवी आली होती, एकदा एसटी एकदम थांबली होती. तेव्हापासून हे म्हणायचे, माझ्यापेक्षा हिची नजर बरी आहे.

दसऱ्याला धाकटे दीर आणि जाऊ साखरखेर्ड्याहून आले. आमच्याकडे दसऱ्याला पूजलेल्या वाहनाचा हार कोजागरीपर्यंत काढत नाहीत. सासऱ्यांच्या बैलगाडीपासूनची रीत. दिरांनी आपल्या शेतातल्या झेंडूचा मनगटाएवढा जाड हार आणला होता, वर चंदेरी झिरमिळ्या. रस्त्याने उडून जाऊ नये म्हणून ते तो तारेने जाळीला घट्ट आवळत होते, दोन पदरी, बरोबर त्या चौकोनावर.

मी म्हणाले, भाऊजी, तेवढा मधला काळा भाग मोकळा ठेवा.

"काऊन वहिनी?" त्यांनी वर न बघता विचारलं.

पुस्तकात तसं लिहिलंय, असं मी सांगितलं. त्यावर जाऊ म्हणाली, "आता देवाच्या कामालेबी पुस्तक! ताई, आरती तरी पाठ आहे ना, का तेबी वाचून म्हणता?"

अंगणातले सगळे हसले. हेही हसले. मीही हसले आणि आरतीचं ताट आणायला आत गेले.

कुणी मला दटावलं नव्हतं. पुन्हा एकदा नीट सांगितलं असतं, तर दिरांनी तार सोडून हार वर बांधला असता. ते ऐकणारे आहेत. मला फक्त पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं.

पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवसाची आहे. बँकेत जायला आम्ही दोघं निघालो, तर गाडीच्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. हे म्हणाले, "काय लिहून येऊन राह्यलं हे?"

मी वाचलं. समोरचा सेन्सर झाकला गेला आहे, मदत बंद आहे. मला ते कळलं, पहिल्या नजरेत कळलं. खरं सांगायचं तर हार काढावा लागणार, मग दिरांना कळणार, मग पुन्हा पुस्तकाचा विषय. तीन-चार दिवसांचाच तर प्रश्न आहे, असं मनात आलं.

मी म्हणाले, "धूळ बसली असेल."

हे खाली उतरले. खांद्यावरच्या पंचाने समोरची काच पुसली, दोन्ही आरसे पुसले, हेडलाइट पुसले. पुन्हा आत बसले. ओळ तशीच होती. म्हणाले, जाऊ दे.

कोजागरीच्या आदल्या दिवशी हे दिरांकडे सोयाबीन बघायला गेले.

ट्रॉलीचं चाक निखळलं होतं. शेतकऱ्याने मागे दगड मांडले होते, बाभळीची फांदी ठेवली होती. लाल दिवा नव्हता. हार नसता तर गाडी थांबली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही. मी पुष्कळांना आडून विचारून पाहिलं आहे.

तेराव्याला तो शेतकरी आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. दिरांनी त्याला विचारलं, आता काय पाह्यले आला बे? माणसं त्याला नाही नाही ते बोलली. मी खिडकीतून ऐकत होते. तो खाली मान घालून निघून गेला आणि मी पंगतीचं मीठ वाढायला घेतलं.

चैत्रात मी एसटीने त्याच्या गावाला गेले. त्याला सगळं सांगितलं: चौकोन, हार, धूळ. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ट्रॉली तं माहीच उभी होती ना, बाई. तुमचे फुलं नसते तरी ते तिथंच राह्यली असती."

मी त्याचं ओझं उतरवायला गेले होते, असा माझा समज होता. परतताना कळलं, मी माझंच उतरवायला गेले होते, आणि त्याने ते घेतलं नाही.

मुलाला फोनवर सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?" मी हो म्हणाले. तो अजून दर रविवारी फोन करतो. गाडीचं बोलत नाही.

दीर आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की मशीनने दादाला दगा दिला. हार त्यांच्या हातचा होता, त्यांना हे सोसणार नाही, असं मी स्वतःला समजावते. पण त्या अंगणात चौकोनामागे काय आहे हे माहीत असलेली मी एकटीच होते. दिरांना मी अजून सांगितलेलं नाही.