कडक उपास आणि जीपची चावी

आता तुमच्यापासून काय लपवायचं! गेल्या नवरात्रात मी असा कडक उपास केला, की स्वतःच्या जीपवर बसायची बंदी आली. हसा, पण चहा सांडू नका.

मी येरमाळा-कळंब जीप चालवतो. लायसनची मुदत दसऱ्याला संपत होती आणि नव्या लायसनला डोळ्यांचा दाखला हवा होता. नाही मिळाला तर दसऱ्याला जीपची पूजा करायची आणि हारासकट उभी ठेवायची! म्हणून सातव्या माळेला डोळ्यांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता वाचायला लावला. पहिली ओळ वाचली. दुसरी कशीबशी. तिसरीत नुसत्या मुंग्या!

"काका, काही खाल्लंय का?"

"न्हाय म्याडम. सात दिस अन्नाचा कण न्हाय. पायात चप्पल बी न्हाय."

"कुठली गोळी चालू आहे?"

"एक बी न्हाय!" मी छाती फुगवून सांगितलं.

बाई घाबरल्याच. म्हणाल्या, "अशक्तपणा असेल. नीट खाऊन-पिऊन उद्या या, परत बघू."

उपास मोडू? मी? शक्यच नाही! पण दाखला तर घ्यायचाच होता. मग ताकद आणायचा चंग बांधला. भगरीचा डोंगर, त्यावर दाण्याची आमटी, रताळ्याचे गोड काप, सहा केळी, राजगिऱ्याचे लाडू... किती ते विचारू नका. सगळं उपासाचंच हं!

दुसऱ्या दिवशी बायको, सुमन, सोबत आली. तक्त्यापुढं बसलो, तर आज दुसरी ओळही गायब! इतक्या वर्षांचं स्टेअरिंग हातातून सुटलं म्हणून खरंच रडू आलं.

"काल काही खाल्लं नाही का?" बाईंनी विचारलं.

सुमनला राहवेना. "खाल्लं न्हाय? म्याडम, भगरीचं पातेलं दोनदा चढवलं म्या!"

"अगं, ते उपासाचं व्हतं!"

"आन् शुगरची गोळी घटस्थापनेपासनं बंद केली, ते सांगितलं का?"

"उपासाला गोळी चालती व्हय?"

बाईंनी माझ्या बोटाला सुई टोचली. मशीनवरचा आकडा बघितला, स्वतःचा चष्मा पुसला आणि परत बघितला.

"काका, साखर वाढली की डोळ्यांचा नंबर असा हलतो. गोळी आजपासून सुरू. मला न विचारता बंद करायची नाही. आणि हा उपास पुरे! एरवी जेवता काय?"

"दीड भाकरी आन् भाजी."

"मग आता तोच उपास करा!"

दसऱ्याला जीप हार घालून दारातच उभी राहिली. येणारा-जाणारा विचारायचा आणि मी खाली बघायचो. साखर ताळ्यावर यायला पुढं काही आठवडे गेले, तेव्हा कुठं तक्ता खालपर्यंत वाचला आणि दाखला मिळाला.

पण खोड जाते का? परवा चतुर्थी. मी गुपचूप उपास धरला, अंघोळ करून बाहेर आलो, तर खिळ्यावर जीपची चावी नाही!

"सुमन, चावी कुठाय? पाशिंजर खोळंबलेत!"

"टोपल्यात, भाकरीखाली ठिवलीय," ती चुलीपुढनं म्हणाली. "भाकरी संपवा, मग दिसंल!"